बॅटरीवाल्याची पेटी

दि. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि.

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी खुशाली आणि दोन पानं बॅटऱ्या. लहानपणी सायकलचं चाक डुगडुगायला लागलं की तुला जेवण सुचायचं नाही, तसंच अजून चाललंय.

मला कळलं ते इतकंच, की त्या माळावर राहायला जाऊन तुम्हाला दोन वर्षं झाली, विहीर झाली, वाफे झाले, कोंबड्या झाल्या, साबणसुद्धा घरचा झाला, आणि आता बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यामुळे सातलाच अंधार पडतो. छपरावरचे सौर पत्रे दिवसभर ऊन पितात, पण साठवायला जागा नाही. नव्या बॅटऱ्या आणायच्या तर शहर लागतं आणि ते तुझ्या नियमात बसत नाही. म्हणून तुला ह्यांची पेटी हवी.

ह्यांच्या मागे अकरा वर्षं ती पेटी बंद दुकानाच्या कोपऱ्यात होती. साचा, पळी, शिसं वितळवायची कढई, चिमटे. दर वर्षी मी सगळ्याला तेल लावत आले. कशासाठी, ते विचारू नकोस. ट्रकवाल्या दादांबरोबर पाठवते आहे. ह्यांच्याकडे वीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करून घेणारा माणूस, दर आठवड्याला तुझ्या फाट्यावरून जातो.

काम कसं करायचं ते मात्र मला सांगता यायचं नाही. ह्यांनी मला कामाजवळ कधी फिरकू दिलं नाही, आणि शेवटची काही वर्षं तर दुकानात पाऊलही टाकू दिलं नाही. डबासुद्धा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा. बायकांचं काम नव्हे, म्हणायचे. मी भांडायचे, की सगळ्या गावाची गिऱ्हाइकं आत आणि मी तेवढी परकी का. कामाचे कपडेही तेव्हापासून स्वतःचे स्वतः धुवायचे. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस.

एक सांग, तुझ्या घरी सगळं घरचं, मग सुई कुठून येते? सुई घरी करून दाखव, त्या दिवशी मी गाठोडं बांधून तुझ्याकडे कायमची राहायला येते.

खारूच्या गालात सध्या काय आहे? मी आले होते तेव्हा बटण निघालं होतं. सहा वर्षांची घोडी झाली तरी सापडेल ते गालात साठवायची खोड गेली नाही. नाव आपणच खारू ठेवलं, आता तक्रार कुणाकडे करणार!

तुझ्या मास्तरीणबाईंना आशीर्वाद. शाळा सोडून एकाच विद्यार्थिनीला शिकवणं जास्त कठीण जात असेल. माया आहेच, ती तुझ्या पत्रांतूनही थोडी दिसू दे.

तुझी ताई


दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली. भाऊजींचा हात काय होता गं! साच्याच्या प्रत्येक खाचेला खूण केलेली. दोन बॅटऱ्या उघडल्या, जुन्या प्लेटा वितळवल्या, नव्या ओतल्या. बाहेर वारा फार, म्हणून स्वयंपाकघराला लागून जी पडवी आहे, तिथल्या पाणी तापवायच्या चुलीवर काम करतो. एकाच सरपणात अंघोळीचं पाणी आणि शिसं. दिवा आता नऊपर्यंत चालतो. मास्तरीण शिवण घेऊन बसते आणि खारू तिच्याजवळ घड्याळ शिकते.

सुईचा टोमणा पोचला. सुया मी आणतो, मीठ आणतो, काडेपेट्याही आणतो. कबूल. पण तू आमचा शहरातला तो शेवटचा आठवडा विसरलीस. कारखान्याला टाळं, पूल बंद, दुकानांच्या फळ्या रिकाम्या. खारू तापाने फणफणलेली. दुधासाठी मी सकाळपासून रांगेत उभा होतो आणि माझ्या पुढे दोन माणसं असताना खिडकी बंद झाली. मी घरी आलो तेव्हा तिने किटलीचं झाकण काढून आत पाहिलं. झाकण परत लावलं. त्या दिवशी ठरवलं, की माझ्या पोरीचं पोट कुणाच्या खिडकीवर टांगलेलं राहणार नाही. तू याला खूळ म्हण. मला त्या झाकणाचा आवाज अजून येतो.

खाली खारूला जागा सोडली आहे. तुझ्या आशीर्वादाच्या भरवशावर,

तुझा धाकटा

आत्या मला घड्याळ येतं. मोठा काटा बारावर आणि छोटा सातावर म्हणजे सात वाजले. बाबा चांदीचे थेंब पाडतात. माझ्याकडे नऊ आहेत. ते गार लागतात. खारू.


दि. १० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि.

खारूच्या चार ओळी मी भिंतीला चिकटवल्या आहेत. समोरची म्हातारी रोज येऊन वाचून घेते आणि रोज नव्याने कौतुक करते.

पण ते थेंब आधी तिच्याकडून काढून घे. गार लागतात म्हणजे ते हातात नाहीत, गालात आहेत. एखादा घशात अडकला म्हणजे? तुझ्या माळावर हाक मारली तरी ऐकायला कोंबड्याच.

तुझं किटलीचं वाचलं. तू खुळा नाहीस. पण तुला एक गोष्ट सांगते. हे गेल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी मी वाचायला शिकले, तेव्हा लोक म्हणायचे, बाईने स्वतःचं स्वतः केलं. खोटं आहे ते. अडलेला शब्द औषधाच्या दुकानातली मुलगी सांगायची. रद्दीवाला बरी पुस्तकं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. चष्मा तर ट्रकवाल्या दादांनी पहिला आणून दिला, त्यांच्या बायकोचा जुना. एकटीने मी काही केलं असेल तर रडले, तेवढंच.

तुला खिडकी बंद झाल्याचा राग आहे, तो खरा आहे. पण एक खिडकी बंद झाली म्हणून सगळ्याच आपल्या हाताने बंद करायच्या का? दूध स्वतः काढशील, दिवा स्वतः लावशील. उद्या दात दुखला तर?

खारूसाठी चित्रांचं पुस्तक आणि तापाच्या गोळ्या पाठवल्या आहेत. पुस्तक तरी नियमात बसवून घे.

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

तुझी ताई


दि. २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. उजवा हात जड पडतो, चार ओळी लिहिल्या की मनगट खाली येतं. खणण्याचं काम जास्त झालं असणार.

पाचवी बॅटरी झाली. फाट्यावरचा पंक्चरवाला त्याच्या दोन जुन्या देऊन गेला, त्यांचंही शिसं निघालं. इथे काही वाया जात नाही. त्या चुलीची राख भांड्यांना लावतो, इतकी छान भांडी साबणाने निघत नाहीत. उरलेली वाफ्यांत.

तुझ्या गोळ्या परत पाठवतो आहे. रागाने नाही. एक आली की दुसरी येते, मग बाटली येते, मग बाटलीवाला. पुस्तक ठेवून घेतलं. पण खारू ते उघडत नाही. फार हट्टी झाली आहे, वही फेकून देते. पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडते, तीन-तीन दिवस शौचाला जात नाही. एरंडेल दिलं. मास्तरीण म्हणते, शहरात नेऊन दाखवू. तिला चार दिवस शहर दिसलं नाही की प्रत्येक दुखण्यावर शहर हेच औषध आठवतं. मुलं अशीच मोठी होतात. आपण झालो.

थेंब काढून घेतले. चारच सापडले.

खारूला लिही म्हटलं, ती लिहीत नाही. तिच्या वाटणीचा नमस्कारही माझाच समज.

तुझा धाकटा


दि. ३ जून

ती. ताईंना,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे. अंडी द्यायला आज मी फाट्यावर आले आहे, इथल्या दुकानाच्या फळीवर कागद ठेवून लिहिते. असं लपून तुम्हाला लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

खारूला घड्याळ येईनासं झालं आहे. मी बारा वर्षं शाळेत शिकवलं, मुलं विसरतात ते मला ठाऊक आहे. हे विसरणं तसं नाही. आधी मिनिटं गेली, मग अर्धा, मग पाऊण. परवा तिला किती वाजले विचारलं तर काट्याकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, जणू उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलं आहे. तिच्या तोंडचा ‘स्वयंपाकघर’ हा शब्द गेला, ‘परकर’ गेला. आता बोट दाखवते. चालताना अडखळते. सकाळी उलट्या होतात. रंग कागदासारखा झाला आहे. दात घासताना पाहिलं तर हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ आहे. ती पुसली जात नाही.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू तिच्या मागे लागतेस म्हणून ती बुजली आहे. मग म्हणाले, डॉक्टरकडे एकदा गेलो की इथलं सगळं संपलं. मी विचारलं, संपलं तर काय होईल? त्यावर ते उठून पडवीत गेले. ताई, ते वाईट नाहीत. त्यांचाच हात आता असा लोंबतो, की घास उचलताना डाव्याचा टेकू द्यावा लागतो. पण मान्य करत नाहीत.

तुमचं ते ऐकतील. दुसरं कुणाचं ऐकायचे नाहीत. मला काही सुचत नाही.

तुमच्या पायाशी बसून सांगायचं ते कागदावर सांगितलं, पदरात घ्यावं.

तुमची भावजय


दि. ११ जून

धाकट्या,

आज आशीर्वाद नंतर. हे पत्र ट्रकवाले दादा तुझ्या हातात देतील. वाचून होईपर्यंत ते दारात थांबणार आहेत.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तिच्यावर आवाज चढवलास तर याद राख.

हिरड्यांच्या रेघेचं वाचलं. ती रेघ मी ह्यांच्या तोंडात चार वर्षं पाहिली होती. मला वाटायचं, तंबाखूची असेल. त्यांचाही हात लोंबायचा. त्यांचंही पोट असंच गुडघ्यांत घेऊन दुखायचं. मला ते सांगायचे, मूत्रपिंडाचा विकार आहे, घराण्यातच आहे.

ट्रंकेच्या तळाशी ह्यांची दवाखान्याची फाइल होती. हे गेले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे आलं, तरी फाइल उघडली नाही. वाचून काय, ते परत येणार होते थोडेच. एवढी पुस्तकं वाचली, धाकट्या, आणि घरातले हे पाच कागद तेवढे वाचले नाहीत. आज वाचले.

जाण्याच्या सहा वर्षं आधीचा कागद आहे. शिशाची विषबाधा. काम ताबडतोब बंद करावं. कामाचे कपडे घरात नेऊ नयेत. लहान मुलांना कामाच्या जागेपासून लांब ठेवावं, त्यांना धोका सर्वांत जास्त. खाली ह्यांची सही आहे.

त्यांना माहीत होतं. म्हणून माझा डबा स्टुलावर होता. म्हणून कपडे स्वतः धुवायचे. काम सोडलं तर आपण कुणाच्या दारात जायचं, असं त्यांना वाटलं असणार. मला वाचवलं, आणि सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे मी ती पेटी तेल लावून जपली आणि तुझ्या चुलीवर पाठवून दिली. पेटी मी पाठवली, तू नुसती मागितलीस. याचं ओझं वाटून घ्यायला पुढे वेळ आहे.

आत्ता एवढंच कर. खारूला याच ट्रकमध्ये बसव, तिच्या आईला बसव, तू बस. दादा सरळ मोठ्या दवाखान्यात नेतील, मी तिथे दाराशी उभी असेन. त्या चुलीची राख लावलेल्या भांड्यात तिला पाणीसुद्धा देऊ नकोस. तुझा नियम मोडत असेल तर माझ्या नावावर मोडू दे.

तुझी ताई


दि. २ जुलै

ती. ताईस,

तू रोज सकाळी दवाखान्यात येतेस, माझ्या शेजारच्या बाकावर बसतेस, आणि तरी मी हे लिहितो आहे. तोंडाने होत नाही. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर लावून घे.

तू मला विचारलं नाहीस, की अकरा तारखेचा ट्रक बारा तारखेला रिकामा का आला. दादांनीही तुला सांगितलेलं नाही, असं दिसतं. मी सांगतो. त्यांनी पत्र दिलं, मी वाचलं. त्यांना चहा दिला. मग म्हणालो, ताई घाबरट आहे, भाऊजी तीस वर्षं त्या धुरात होते, आमचे चार महिने झाले. दादा म्हणाले, पोरीला एकदा बघू दे. मी म्हटलं, झोपली आहे. ती झोपली नव्हती. मास्तरीण आतून बाहेर आली, खारूला कडेवर घेऊन, चपला घालून. मी दारात आडवा उभा राहिलो. दादांनी चहाचा कप खाली ठेवला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, मी परवा याच वाटेने परत येतो आहे, बाई. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारूला झटका आला. जेवताजेवता डोळे वर गेले आणि अंग लाकडासारखं झालं. मी तिला उचललं, पण ताई, माझ्या उजव्या हाताने तिला धरवेना. माझीच पोर माझ्या हातातून घसरत होती. तिच्या आईने तिला घेतलं आणि फाट्यापर्यंत पळाली. मी मागून नुसता पळत होतो, पाण्याचा तांब्या घेऊन, रिकाम्या माणसासारखा. पंक्चरवाल्याने रस्त्यात आडवं उभं राहून एक मोटार थांबवली. त्या मोटारीतल्या माणसाने नाव विचारलं नाही, एकदाही थांबला नाही. त्याचे आभार मानायचे राहिले. तो कोण होता ते कळायला मार्ग नाही.

डॉक्टरीणबाईंनी आज मला पहिल्या दिवशीचा क्ष-किरणाचा फोटो दाखवला. पोटात पांढरे ठिपके आहेत. तिच्याकडे नऊ थेंब होते, चार मी काढून घेतले होते. फोटोत पाच आहेत. मी दोनदा मोजले. बाई म्हणाल्या, ते बाहेर काढले, रक्तातलं शिसं ओढून घेणारी औषधं चालू आहेत, ती जगेल. मी विचारलं, आधीसारखी होईल? त्या म्हणाल्या, ती जगेल.

एक दिवस आधी आणली असती तर, हे मी त्यांना विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तुझ्या मायेवर माझा काही हक्क उरला असेल तर तो खारूच्या नावे कर.

धाकटा


दि. २८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि.

माळावरून लिहिलेलं पत्र मिळालं. पडवी पाडलीस, वाफ्यांची माती उकरून सरकारी माणसांच्या ताब्यात दिलीस, कोंबड्या गेल्या. पेटी काय करू, असं विचारलं आहेस. पुरू नकोस, ती मातीत उतरेल. विकू नकोस, ती दुसऱ्या कुणाच्या चुलीवर जाईल. त्याच माणसांना दे. माझ्याकडे मात्र परत पाठवू नकोस. यंदा तेल लावायचं नाही, हे मला दोन-तीनदा स्वतःला सांगावं लागलं.

तुझा हात थोडा वळायला लागला हे वाचून बरं वाटलं. मास्तरीणबाईंना इथल्या शाळेत काम मिळालं आहे. सकाळी त्या जातात, मग मी आणि खारू. तिचं वजन वाढलं. जेवते. कुणी खाली वाकलं की त्याच्या गळ्यात हात टाकते, दूधवाल्याच्यासुद्धा. दूधवाला आता रोज वाकतो.

बाकीचं तुला खोटं लिहिणार नाही. बोलणं सात-आठ शब्दांचं आहे. डावा पाय ओढते. महिन्यात दोन झटके आले. डॉक्टरीणबाई म्हणतात, जे गेलं ते मागायला बसू नका, जे आहे ते वाढवा. औषधाच्या दुकानातली मुलगी, तिला आता स्वतःची दोन मुलं आहेत, मंगळवारी येऊन खारूचे व्यायाम घेते. समोरची म्हातारी पाय चोळते. रद्दीवाल्याने जाड पानांची पुस्तकं आणून दिली. ट्रकवाले दादा आले की तिला स्टिअरिंगशी बसवून भोंगा वाजवू देतात. एका पोरीला किती माणसं लागतात, हे मोजायचं मी सोडून दिलं. तू म्हणायचास, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आता तेवढी सगळी माणसं आपल्या दारात उभी राहतात, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुलाही वाटू देऊ नकोस. वाटली तरी ये.

दादांनी बारा तारखेलाच मला सगळं सांगितलं होतं. बाकावर तुझ्या शेजारी बसायचे तेव्हा मला ते माहीत होतं. मला फाइल उघडायला अकरा वर्षं लागली, तुला दार सोडायला एक दिवस. कुणाचं जास्त, याचा वाद आपण घालायचा नाही.

रोज सकाळी मी तिला घड्याळापुढे बसवते. मलाही आकडे उशिराच आले होते, म्हणून मला घाई नाही. मी काटे फिरवते, सात करते आणि विचारते. ती खूप वेळ बघते, मग म्हणते, वाजले. किती, ते नाही. पण वाजले, हे म्हणते.

खाली तिला नेहमीसारखी जागा सोडली होती. पेन्सिल तिने स्वतः धरली. जी रेघ आहे ती तिची आहे. तिच्यात अक्षर शोधत बसू नकोस. तिने ओढली, एवढंच वाच. आणि मग ये.

तुझी ताई

______